वाढता समुद्र आणि पूर: किनाऱ्यावरच्या वस्तीची नोंद कशी ठेवावी

वादळ आलं की किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोबाइलमध्ये ढीगभर फोटो जमा होतात. उसळलेल्या लाटा, बुडालेला रस्ता, कलंडलेली होडी. दोन वर्षांनी कुणी विचारलं की पाणी नेमकं कुठवर आलं होतं, आधीच्या वेळेपेक्षा जास्त होतं का, समुद्रातून आलं की गटारातून, तर एकाही फोटोत उत्तर सापडत नाही. फोटो खरे असतात, पण त्यांच्यात मोजता येण्यासारखं काही नसतं. नुकसानभरपाई नाकारणाऱ्याला किंवा "हे दरवर्षीचंच आहे" म्हणणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

माझं ठाम मत आहे की नोंदीचं खरं काम साध्या दिवशी होतं. पाणी नेहमी कुठे असतं हे लिहिलेलं नसेल तर ते किती चढलं हे सांगता येत नाही. हे काम शिक्षक, मच्छीमार, विद्यार्थी, निवृत्त मंडळी कुणीही करू शकतं. वही, पेन्सिल, मोजपट्टी, साधा मोबाइल आणि चिकाटी एवढं पुरतं. एकट्यानं करण्यापेक्षा तिघाचौघांनी मिळून केलेलं बरं, कारण नोंदी खंडित होतात त्या बहुतेक वेळा माणूस आजारी पडल्यामुळे किंवा गाव सोडून गेल्यामुळे.

आधी आकडा समजून घ्या

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरनी वाढली. वेगही वाढत गेला. १९०१ ते १९७१ मध्ये तो वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटर.

म्हणजे दहा वर्षांत जेमतेम चार सेंटिमीटर. लहानशी लाटसुद्धा याहून उंच असते, त्यामुळे ही वाढ नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही आणि फोटोतही पकडता येणार नाही. दिसतो तो तिचा परिणाम. पूर्वी रस्त्याच्या चार बोटं खाली थांबणारी उधाणाची भरती आता रस्ता ओलांडते. वर्षातून एकदा घडणारी गोष्ट पाच वेळा घडू लागते. म्हणून पाण्याच्या उंचीबरोबर दिवस मोजा. "या वर्षी किती दिवस पाणी या पायरीवर आलं" हा सगळ्या नोंदीतला सगळ्यात बोलका आकडा ठरतो.

समुद्राची पातळी इतर कारणांनीही वरखाली होते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं (म्हणजे एक मिलिबारनं) उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी लोटत आणतो. चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या चक्रामुळे भरतीची उंची काही वर्षं थोडी वाढते, काही वर्षं थोडी कमी होते. म्हणून एका वर्षाच्या वहीवरून समुद्र वाढला असं सिद्ध होत नाही आणि तसा दावा करूही नये. त्या वर्षी वस्तीवर काय ओढवलं हे मात्र त्याच वहीवरून पुरतं सिद्ध होतं. या दोन गोष्टींची गल्लत करणारी नोंद पहिल्याच उलटतपासणीत कोसळते.

पहिली पायरी: न हलणारा शून्य

व्हेनिसमध्ये भरतीच्या पाण्याची नियमित मोजणी १८७२ पासून होते. शहरात पाणी किती चढलं हे आजही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ठरवलेल्या एकाच शून्यापासून सांगतात. नोव्हेंबर १९६६ मध्ये पाणी १९४ सेंटिमीटरवर गेलं, नोव्हेंबर २०१९ मध्ये १८७ वर. मध्ये ५३ वर्षं गेली, तरी दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात, कारण मोजण्याची जागा आणि शून्य बदललं नाही.

तुमच्या वस्तीतही असा शून्य, म्हणजे जिथून उंची मोजायची ती पक्की खूण, लागेल. जुन्या दगडी इमारतीचं जोतं, पुलाचा खांब, उघडा कातळ या चांगल्या जागा. झाड, विजेचा खांब, वाळूवर बांधलेली भिंत टाळा. रस्ता तर मुळीच नको, कारण दर डांबरीकरणात तो वर येतो आणि पाणी कमी चढल्याचा भास होतो. नवी इमारतही काही वर्षं खचत असते.

एकच खूण पुरणार नाही, निदान तीन हव्यात, एकमेकींपासून लांब. एक समुद्राजवळ, एक वस्तीच्या मधोमध, एक अशा उंचीवर की जिथे पाणी पोचण्याची शक्यता कमी. मालकाची परवानगी घेऊन छिन्नीनं आडवी रेघ कोरा आणि तिला अ, ब, क अशी नावं द्या. वहीत प्रत्येक खुणेचं वर्णन असं लिहा की तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसालाही ती सापडेल: कुठल्या भिंतीवर, कुठल्या कोपऱ्यापासून किती अंतरावर, जमिनीपासून किती उंच. सोबत दोन फोटो, एक लांबून आणि एक जवळून.

मग या खुणांमधला उंचीचा फरक काढा. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानं भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीवर थांबतं, त्या पातळीपासून दोन्ही खुणांपर्यंत मोजपट्टीनं मोजायचं. हे दरवर्षी एकदा करा. फरक बदलला तर एखादी खूण खचली आहे. मोबाइलमधल्या जीपीएसवर उंचीसाठी विसंबू नका. मोकळ्या आकाशाखाली त्याची आडवी चूकच पाचेक मीटर असते, उंचीची त्याहून जास्त. पुढे कधी सर्वेक्षण करणारा अभियंता भेटला तर या खुणा देशाच्या अधिकृत उंचीच्या जाळ्याशी जोडून घ्या, म्हणजे तुमच्या सगळ्या जुन्या नोंदींनाही ती उंची मिळेल.

दुसरी पायरी: त्याच जागेवरून, तोच फोटो

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये कोस्टस्नॅप नावाचा उपक्रम सुरू झाला. सिडनीच्या किनाऱ्यावर मोबाइल ठेवायला धातूचा एक साचा बसवला. येणारा-जाणारा कुणीही त्यात फोन ठेवून फोटो काढतो आणि पाठवतो. कोन आणि जागा ठरलेली असल्यामुळे हजारो अनोळखी लोकांच्या फोटोंतून पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, किती सरकली हे मोजता येतं. तुम्हाला धातूचा साचा नको. कठड्यावर रंगानं दोन रेघा मारा, फोन तिथेच टेकवा, आडवा धरा, झूम करू नका. चौकटीत नेहमी एक न हलणारी वस्तू येऊ द्या.

फोटो कधी काढायचा हे भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवा. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण येतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात मंद भरती. महिन्यातून उधाणाच्या एका पूर्ण भरतीला, त्याच दिवशीच्या ओहोटीला आणि भांगाच्या एका भरतीला, असे तीन फोटो पुरेत. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या आधीच हेरून ठेवा. त्या दिवशी आभाळ निरभ्र असेल आणि तरी रस्ता ओला झाला, तर तो फोटो वादळाच्या फोटोपेक्षा मोलाचा आहे. त्यात वाऱ्या-पावसाचा हात नाही. आजची सर्वात मोठी भरती उद्याची नेहमीची भरती कशी दिसेल हे दाखवते, या विचारानं ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये लोकांकडून असे फोटो गोळा करायला सुरुवात झाली आणि पुढे इतर देशांतही हे पसरलं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि त्यात दडलेली वेळ व ठिकाणाची माहिती निघून जाते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. कापाकापी, रंग उजळवणं, बाण काढणं हे सगळं प्रतीवर करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

तिसरी पायरी: पुराची खूण वाचणं

पाणी चढत असताना मोजायला जाऊ नका. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. त्यात उघडी गटारं आणि विजेच्या तारा असू शकतात. पाणी ओसरल्यावरही ते आपली उंची भिंतीवर लिहून गेलेलं असतं.

भिंतीजवळ जाऊन नीट पाहा. सगळ्यात वर गाळाची फिकट तपकिरी रेघ दिसेल, कधी केसाइतकी बारीक. तिला चिकटलेल्या गवताच्या काड्या, बिया, थर्माकोलचे कण असतील. तिच्या खाली अंधूक रेघांचा दाट पट्टा असतो, पाणी उतरताना जिथे जिथे थांबलं त्या जागा. आणि बऱ्याचदा मुख्य रेघेच्या वर ओलसर डाग दिसतो. ते पाणी तिथवर चढलेलं नसतं, भिंतीनं शोषून वर ओढलेलं असतं. मोजायचं ते कणांच्या रेघेपर्यंत, ओलीपर्यंत नाही. या दोन्हींतला फरक ओळखता आला की निम्मं काम झालं.

बाहेरच्या भिंतीपेक्षा आतल्या खोलीतली खूण भरवशाची, कारण आत लाटा आणि शिंतोडे नसतात. कपाटाच्या मागची बाजू, दाराची आतली कड, माळ्याकडे जाणाऱ्या पायऱ्या पाहा. पहिल्या पावसात किंवा पहिल्या साफसफाईत खुणा जातात, म्हणून दोन-तीन दिवसांत हे उरकायला हवं. लोक घर धुवायच्या गडबडीत असतात, त्यांच्या मदतीला हात लावूनच खूण विचारा. पेन्सिलीनं रेघेवर टिंब करा, बाजूला तारीख लिहा, मोजपट्टी लावून फोटो घ्या, जमिनीपासून आणि जवळच्या पक्क्या खुणेपासून उंची मोजा. शेवटी ही खूण किती खात्रीची वाटते ते लिहा: पक्की, बरी, शंकास्पद. शंकास्पद नोंद लपवू नका, तिच्यामुळे बाकीच्या नोंदींवरचा विश्वास वाढतो.

पाणी कोणत्या वाटेनं आलं हेही लिहा, इथेच बहुतेक नोंदी अपुऱ्या राहतात. बांधावरून लाटा उडून आलेलं पाणी, भरतीच्या दाबानं गटारातून उलटं आलेलं पाणी, जमिनीतून पाझरून वर आलेलं पाणी आणि समुद्र भरलेला असल्यामुळे तुंबलेलं नदीचं किंवा पावसाचं पाणी, या चार वेगळ्या आपत्ती आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. गटारातून येणाऱ्या पाण्यावर बांधाची उंची वाढवून काही उपयोग होत नाही. एक नमुना पाहा:

"१४ तारीख, सकाळी ११.५०. पाणी ब खुणेच्या २३ सेंमी खाली. वारा मंद. दोन दिवस पाऊस नाही. पाणी गटाराच्या तोंडातून वर आलं, बांध कोरडा. १२.२० ला शाळेच्या फाटकापर्यंत पोचलं, २.०५ ला ओसरलं. दोन घरांत शिरलं. पाणी खारं. नोंद दोघांनी मिळून केली."

यात एकही विशेषण नाही. ते तसंच असू द्या.

चौथी पायरी: पुळणीचा उतार

किनारा खचतो आहे का हे सांगायला नुसतं "समुद्र जवळ आला" पुरत नाही, कारण वाळू ऋतूप्रमाणे जाते आणि परत येते. एमरी नावाच्या संशोधकानं १९६१ मध्ये सुचवलेली दोन काठ्यांची पद्धत आजही वापरली जाते. दीड-दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या घ्या आणि वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. एक काठी पक्क्या खुणेपाशी उभी करा, दुसरी समुद्राच्या दिशेनं दोन मीटरवर. जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणा. ती रेषा तुमच्या काठीवर जिथे येते तो आकडा म्हणजे दोन मीटरमध्ये झालेला उतार. जमीन चढत असेल तर आपल्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहायचं आणि आकडा पुढच्या काठीवर वाचायचा. असं पाण्यापर्यंत जायचं. वर्षातून निदान दोनदा, वादळी ऋतूच्या आधी आणि नंतर, त्याच रेषेवर. दोन वर्षांचे उतार एका कागदावर काढले की वाळू परत आली की नाही हे लहान मुलालाही कळतं.

पाचवी पायरी: खारं पाणी, जे दिसत नाही

पूर ओसरतो, पण विहिरीतलं आणि मातीतलं मीठ मागे राहतं. कित्येक वस्त्यांना समुद्र आधी विहिरीतून भेटतो. पाणी मचूळ लागायला लागलं हे बायकांना सगळ्यांत आधी कळतं, म्हणून ही नोंद त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुरूच करू नका.

पाण्यात मीठ जितकं जास्त तितकी त्यातून वीज सहज वाहते, म्हणून हातात मावणारा विद्युतवाहकता मोजणारा मीटर घ्या आणि मोजण्याआधी तो प्रमाण द्रावणात तपासा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची वाहकता सेंटिमीटरमागे ५०,००० मायक्रोसिमेन्सच्या घरात असते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या वर गेले की ते चवीला नकोसं होत जातं. विहिरीत गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खारं खाली राहतं, त्यामुळे दरवेळी ठरलेल्या खोलीवरचंच पाणी घ्या. उपसा चालू होता का, आधी पाऊस झाला होता का आणि भरती किती वाजता होती, हे तीन शब्दांत टिपा. शेतजमिनीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता मीटरला ४ डेसिसिमेन्सच्या वर गेली तर ती जमीन क्षारयुक्त धरतात.

सहावी पायरी: माणसांचं ऐकणं

पाणी कुठवर आलं हे मोजपट्टी सांगते. त्यामुळे जगण्यात काय बदललं हे माणसंच सांगतात. इथे घाई करू नका.

प्रश्नातच उत्तर घालू नका. "काका, पाणी वाढलंय ना हल्ली?" असं विचारलं की काका भिडेखातर हो म्हणतात आणि नोंद वाया जाते. त्याऐवजी विचारा, "काका, तुम्ही पोरवयात होता तेव्हा उधाणाचं पाणी कुठवर यायचं? जरा चालत येऊन दाखवता का?" माणूस चालायला लागला की आठवण जागेला चिकटते. इथे विहीर होती, इथे जाळी वाळत घालायचो, इथून पुढे आम्हाला जाऊ देत नसत. त्या प्रत्येक जागेचं अंतर पक्क्या खुणेपासून मोजता येतं आणि एक आठवण एका आकड्याशी जोडली जाते.

सालं कुणालाच नीट आठवत नाहीत, आणि ते साहजिक आहे. लग्न, मुलाचा जन्म, मोठं वादळ, पूल बांधला ते वर्ष, यांच्या आधी की नंतर असं विचारा. एकच गोष्ट एकमेकांशी न बोललेल्या तिघांकडून ऐका. जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर तिन्ही कथनं जशीच्या तशी ठेवा, आपण न्यायनिवाडा करू नये.

फक्त वयस्कर पुरुषांशी बोलून थांबू नका. पाणी भरणारी बाई, शाळा बुडालेलं मूल, चाकाच्या खुर्चीतून फिरणारा माणूस, भाड्यानं राहणारं कुटुंब, यांचा पूर वेगळा असतो. आणि जे सोडून गेले त्यांना शोधा. नोंद राहिलेल्यांचीच झाली तर सगळ्यात मोठं नुकसान तिच्यात येतच नाही.

बोलण्याआधी स्पष्ट संमती घ्या: ध्वनिमुद्रण चालेल का, नाव द्यायचं का, कोण ऐकेल, नंतर मन बदललं तर काढून टाकता येईल. संमती एकदा सुरुवातीला आणि पुन्हा शेवटी विचारा, कारण काय बोललो हे माणसाला शेवटीच कळतं. कुणी रडायला लागलं तर यंत्र बंद करा. पूर नुकताच येऊन गेला असेल तर मुलाखत घेऊच नका, काही आठवडे जाऊ द्या.

सातवी पायरी: नुकसानीचा हिशेब, आणि हिशेबात न बसणारं

प्रत्येक घराची एक साधी नोंद ठेवा. जोत्याची उंची, पाणी किती वेळा शिरलं, काय गेलं, दुरुस्तीला काय लागलं, कामाचे किती दिवस बुडाले, शाळेचे किती, दवाखान्यात कोण गेलं, कर्ज काढावं लागलं का. लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेली तयारीही लिहा: उंचावलेला उंबरठा, वर सरकवलेली विजेची बटणं, विकत घेतलेलं पाणी. हा खर्च सहसा कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

२०१५ च्या पॅरिस कराराच्या आठव्या कलमात हानी आणि नुकसानीची दखल आहे आणि पैशात न मोजता येणाऱ्या नुकसानीचाही त्यात उल्लेख आहे. ही कलमं कागदावरच राहतात असं अनेकांना वाटतं, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांचं उदाहरण सांगतो. तिथल्या आठ रहिवाशांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार नेली. पूर, खचणारा किनारा, समुद्रात चाललेल्या पूर्वजांच्या दफनभूमी, बिघडलेली शेती हे सगळं त्यांनी मांडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये समितीनं म्हटलं की त्यांच्या घराच्या, कौटुंबिक जीवनाच्या आणि संस्कृतीच्या हक्काचं रक्षण करण्यात देश कमी पडला. थडगी, प्रार्थनास्थळं, होड्या लावायच्या जागा, खेळायची मैदानं, जागांची जुनी नावं आणि त्यांच्या गोष्टी हे सारं नकाशावर टिपा. पैशात मांडायचा अट्टहास नको.

आठवी पायरी: कारण सांगताना हात आखडता

वहीत तीन रकाने करा: पाहिलं, ऐकलं, वाटतं. समुद्र वाढला म्हणून किनारा गेला, हे वाक्य बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात जातं. किनारा खचण्यामागे वाळूउपसा असतो, नदीवरच्या धरणानं अडवलेला गाळ असतो, शेजारच्या बंदराचा बांध असतो, तोडलेलं कांदळवन असतं. जकार्ताच्या उत्तर भागात भूजलाच्या उपशानं जमीनच काही मीटर खाली गेली आहे, तिथे समुद्राच्या वाढीपेक्षा जमिनीचं खचणं कितीतरी मोठं आहे. आसपास काय बांधलं, काय उपसलं, कधी, याची एक कालरेषा नोंदीसोबत ठेवा.

आणि जे आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं तेही मोजा. प्रशांत महासागरातल्या तुवालू या देशाच्या १०१ बेटांचे १९७१ ते २०१४ चे फोटो तपासले तेव्हा एकूण जमीन २.९ टक्के वाढलेली निघाली. काही बेटं झिजली, पण जास्त बेटांवर वाळू आणि प्रवाळाचा चुरा साचला. फक्त झिजणाऱ्या टोकाचे फोटो काढले असते तर हे कळलंच नसतं. याचा अर्थ तिथे सगळं ठीक आहे असा नाही. त्याच तुवालूत खड्ड्यांमध्ये लावलेली पुलाका नावाच्या कंदाची शेती खाऱ्या पाण्यानं नासते. क्षेत्रफळ वाढत असतानाही जागा राहण्याजोगी उरेनाशी होऊ शकते, आणि हे दोन्ही लिहिणाऱ्या माणसावरच लोक विश्वास ठेवतात.

जुने पुरावे

लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून सगळ्यांना फुकट मिळतात. सेंटिनेल-२ ची २०१५ नंतरची चित्रं दहा मीटरपर्यंत बारकावा देतात. मोठा बदल त्यांत दिसतो, एका अंगणाचा नाही. आसपासच्या भरतीमापकाच्या जुन्या नोंदी लिव्हरपूलच्या संस्थेकडे असू शकतात. 'पर्मनंट सर्व्हिस फॉर मीन सी लेव्हल' नावाची ही संस्था १९३३ पासून जगभरचे आकडे जमवते.

घरोघरचे जुने फोटो मात्र जरूर मागा. लग्नाच्या फोटोत मागे धक्क्याच्या पायऱ्या दिसतात, कोरड्या किती हे मोजता येतं. व्हेनिसमध्ये संशोधकांनी कॅनालेत्तो या चित्रकाराच्या अठराव्या शतकातल्या चित्रांतली शेवाळाची रेघ आजच्या रेघेशी ताडून पाहिली आणि शहर तेव्हापासून पाण्याच्या तुलनेत साधारण ६० सेंटिमीटर खाली गेल्याचा अंदाज बांधला. मूळ फोटो घरच्यांकडेच राहू द्या, तिथेच प्रत काढा.

नववी पायरी: जपणं, आणि कुणाला दाखवायचं हे ठरवणं

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, वेळ, खूण या क्रमानं द्या, म्हणजे यादी आपोआप कालक्रमानं लागते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वस्तीबाहेर, कारण पूर संगणकालाही सोडत नाही. वही पेन्सिलीनंच लिहा, शाई पाण्यात विरघळते. नेटवर्क नसलेल्या जागी फॉर्म भरायला कोबोटूलबॉक्स हे माहिती गोळा करायचं मोबाइलवरचं साधन चांगलं आहे.

नोंद वस्तीचं नुकसानही करू शकते. वेल्समधल्या फेअरबोर्न गावाचं समुद्रापासून संरक्षण साधारण २०५४ पर्यंतच केलं जाईल अशी योजना लोकांना कळली आणि घरांच्या किमती कोसळल्या, गृहकर्ज मिळेनासं झालं. समुद्र यायचा होता, संकट आधीच आलं. म्हणून घरनिहाय आकडे उघड्यावर टाकू नका. प्रसिद्ध करायचं ते गल्लीच्या किंवा वस्तीच्या पातळीवर. मुलांचे चेहरे, घराचा नेमका ठावठिकाणा, कुणाचं कर्ज, हे बंद ठेवा. वस्ती हटवण्यासाठी कुणी ही नोंद वापरेल का, हा प्रश्न सगळ्यांसमोर बसून आधीच विचारा. आदिवासी आणि मूलनिवासी समूहांच्या माहितीसाठी २०१९ मध्ये मांडलेली केअर तत्त्वं सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीतिमत्ता असं चार शब्दांत सांगतात. त्यातला नियंत्रणाचा अधिकार माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. बाहेरून आलेल्या संशोधकाला प्रत द्या, मूळ वही देऊ नका आणि अहवाल वस्तीच्या भाषेत परत मिळेल हे लेखी घ्या.

वर्षअखेरीला एका पानाचा गोषवारा काढा: किती दिवस पाणी कुठल्या खुणेवर गेलं, कोणत्या वाटेनं, किती घरांत, विहिरींचे आकडे, उतार. तो आधी वस्तीला वाचून दाखवा, ज्यांनी माहिती दिली त्यांना दुरुस्त्या करू द्या, मगच स्थानिक प्रशासन, पत्रकार किंवा वकिलाकडे द्या. पानाच्या खाली वही कुणाकडे आहे आणि त्यांच्यानंतर ती कोण सांभाळणार हे लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या उधाणांच्या तारखा तक्त्यातून त्याच दिवशी उतरवून घ्या.